ग्वामान पोमा : राजाला १,१८९ पानांचं पत्र लिहिणारा माणूस



इतिहासाची साधने हा घटक आपण सगळेच शिकवतो. भौतिक, लिखित, मौखिक असे तीन प्रकार फळ्यावर लिहितो, मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत 'कोणतीही दोन उदाहरणे लिहा' असा प्रश्न येतो आणि घटक संपतो. पण हे शिकवताना एक प्रश्न राहूनच जातो. ज्या लोकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती त्यांचा लिखित इतिहास कुठून आला? बहुतेक वेळा याचं उत्तर असतं, ज्यांनी त्यांना जिंकलं त्यांनी तो लिहिला.

याला एक मोठा अपवाद दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात सापडतो. त्या माणसाचं नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. जिंकणाऱ्यांची लिपी शिकून त्याने आपल्या लोकांचा इतिहास आणि आपल्या लोकांवर होणारा जुलूम, दोन्ही लिहून काढलं. नुसतं लिहिलं नाही, तर चित्रंही काढली. आज त्याची आणि त्याच्या ग्रंथाची ओळख करून घेऊया.

न बोलणारं पुस्तक

गोष्ट सुरू होते १५३२ साली, आजच्या पेरू देशातल्या काहामार्का या गावी. फ्रान्सिस्को पिझारो हा स्पॅनिश सरदार जेमतेम १६८ माणसं घेऊन तिथे आला होता. समोर इंका साम्राज्याचा सम्राट अताहुआल्पा होता. स्पॅनिश लोकांबरोबर वाल्वेर्दे नावाचा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. त्याने सम्राटाला सांगितलं की तुमचे देव खोटे आहेत, आमचा धर्म स्वीकारा.

पुढचा प्रसंग ग्वामान पोमा असा सांगतो. अताहुआल्पाने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? धर्मोपदेशक म्हणाला, या पुस्तकाने. मग सम्राटाने ते पुस्तक मागून घेतलं आणि पानं उलटून पाहिली. पुस्तक आपल्याशी काहीच बोलत नाही हे पाहून त्याने ते खाली टाकून दिलं. लगेच बंदुका धडाडल्या, घोडेस्वार तुटून पडले, पुष्कळ माणसं मारली गेली आणि सम्राट कैद झाला. सुटकेसाठी त्याने खोलीभर सोनं दिलं, तरी १५३३ साली त्याला ठार मारण्यात आलं.

हा प्रसंग मुलांना सांगून बघा. कोणीतरी हमखास विचारतं, 'पण त्याला वाचता येत नव्हतं तर त्याची काय चूक?' अगदी बरोबर. एकाच्या हातात अक्षर आहे आणि दुसऱ्याच्या हातात नाही, आणि तेवढ्यावरून राज्य जातं. निदान ग्वामान पोमाने हा प्रसंग तसा मांडलाय. त्याचं सगळं आयुष्य जणू या प्रसंगाला उत्तर देण्यात गेलं.

हा माणूस कोण होता?

ग्वामान पोमाचा जन्म काहामार्काच्या त्या घटनेनंतर काही वर्षांनी, पेरूच्या दक्षिण भागात झाला. लुकानास हा त्याचा मुलूख. हुआमांगा हे त्या भागातलं मोठं शहर, आज त्याला आयाकुचो म्हणतात. केचुआ भाषेत वामान म्हणजे ससाणा आणि पुमा म्हणजे आपण पुस्तकात बघतो तो पुमा. एक आकाशातला शिकारी, एक जमिनीवरचा. फेलिपे आणि आयाला ही त्याच्या नावातली स्पॅनिश भर.

आपण जुन्या राजघराण्यातले आहोत असं तो सांगतो. लिहायला-वाचायला आपल्याला सावत्र भावाने शिकवलं, असंही सांगतो. हा भाऊ स्पॅनिश बापाचा आणि धर्मोपदेशक झालेला होता. स्पॅनिश येऊ लागल्यावर ग्वामान पोमाला सरकारी आणि चर्चच्या कामात दुभाषी म्हणून काम मिळालं. १५६० च्या दशकाच्या शेवटी क्रिस्तोबाल दे अल्बोर्नोस नावाचा चर्चचा तपासणी अधिकारी डोंगरातल्या गावांमधून जुन्या देवांची पूजा मोडून काढत फिरत होता. त्याच्या हाताखालीही याने काम केलं. म्हणजे ही यंत्रणा कशी चालते ते त्याने आतून पाहिलं होतं. कोणता कागद कुठे जातो, साक्ष कशी लिहिली जाते, लाच कुठे घेतली जाते, सगळं.

पुढे त्याच्या घराण्याच्या जमिनीवरून हुआमांगाच्या परिसरात मोठा दावा चालला. कागदपत्रं, साक्षी, नकाशे सगळं त्याने सादर केलं. पण शेवटी निकाल उलटा लागला. डिसेंबर १६०० मध्ये त्याला तोतया ठरवून दोनशे फटके आणि दोन वर्षं हद्दपारीची शिक्षा सुनावली गेली. ज्या अक्षरांवर त्याने भरवसा ठेवला, ती अक्षरं न्यायालयात त्याच्या उपयोगाला आली नाहीत.

दुसरा कोणी असता तर कागदाला पुन्हा हात लावला नसता. याने उलट केलं. गावोगाव भटकत, लोकांना विचारत, त्याने आपला ग्रंथ पुरा करायला घेतला. न्यायाधीशाने ऐकलं नाही तर त्याच्याही वर, थेट स्पेनचा राजा तिसरा फेलिपे याला लिहायचं असं त्याने ठरवलं. फेब्रुवारी १६१५ मध्ये त्याने राजाला पत्र पाठवून कळवलं की ग्रंथ तयार आहे. आपलं वय ऐंशी आहे असं तो सांगतो.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. त्या वेळी आपल्याकडे मुघल गादीवर जहांगीर होता आणि शिवरायांच्या जन्माला अजून पंधरा वर्षं होती.

ग्रंथ कसा आहे?

ग्रंथाच्या नावाचा अर्थ साधारण 'पहिली नवी बखर आणि चांगला राज्यकारभार' असा होतो. नावातच दोन भाग आहेत. बखर म्हणजे इंकांच्या आधीपासूनचा आणि इंका काळाचा इतिहास. राज्यकारभार म्हणजे स्पॅनिश अमलाखाली काय चाललंय आणि ते कसं सुधारता येईल याची मांडणी.

एकूण पानं १,१८९. त्यातली ३९८ पूर्ण पानभर चित्रं, सगळी शाईने रेघांनी काढलेली. मजकूर मुख्यतः स्पॅनिशमध्ये, पण मध्येच केचुआ येते. त्याचं स्पॅनिश व्याकरणशुद्ध नाही. वाक्यं लांबत जातात, केचुआची ठेवण स्पॅनिशमध्ये उतरते. आपल्याकडे घरात एक बोली आणि शाळेत प्रमाण भाषा असलेली मुलं निबंध लिहितात तेव्हा असंच होतं. अशा भाषेत हजारावर पानं लिहिता येतात आणि ती चारशे वर्षांनी जगभर अभ्यासली जातात, ही गोष्ट मला फार धीर देते.

माहिती कुठून मिळवली? एका चित्रात त्याने स्वतःलाच काढलंय. मधोमध तो उभा, भोवती गावचे लोक आणि तो त्यांना प्रश्न विचारतोय. म्हणजे मौखिक साधन गोळा करून त्याचं लिखित साधन कसं होतं, याचं हे सरळ चित्रच आहे. 'इतिहासाची साधने' शिकवताना याहून चांगलं चित्र मला तरी माहीत नाही.

इंका काळातलं जगणं

इंका आपल्या राज्याला तावांतिनसुयू म्हणत, म्हणजे एकत्र असलेले चार भाग. मध्यभागी राजधानी कुस्को. ग्वामान पोमाने जगाचा नकाशा काढलाय त्यातही मध्यभागी कुस्को आहे आणि चारी बाजूंना चार प्रदेश. युरोपातले नकाशे त्याने पाहिलेले दिसतात, पण मध्य कुठे असावा हे त्याने स्वतःच्या जागेवरून ठरवलं.

इंकांकडे लोखंड नव्हतं, घोडे नव्हते, गाडीला चाक नव्हतं. ओझं वाहायला लामा हा प्राणी आणि माणसाची पाठ. तरीही डोंगरातून हजारो किलोमीटरचे रस्ते आणि दऱ्यांवर दोरांचे पूल होते. ठरावीक अंतरावर चास्की म्हणजे निरोप घेऊन धावणारे जासूद उभे असत. ग्वामान पोमाच्या चित्रातला चास्की शंख फुंकत येतोय. पुढच्या चौकीवरच्या माणसाने शंख ऐकून तयार राहायचं, निरोप घ्यायचा आणि पळत सुटायचं.

गणित शिकवणाऱ्यांसाठी एक खास चित्र आहे. मुख्य हिशेबनीस उभा आहे, दोन्ही हातांत किपू ताणून धरलाय. किपू म्हणजे एका आडव्या दोरीला लोंबणाऱ्या पुष्कळ दोऱ्या आणि त्यांवर मारलेल्या गाठी. गाठ दोरीवर कुठल्या उंचीला आहे त्यावरून एकक, दशक, शतक ठरायचं. म्हणजे स्थानिक किंमत! चित्राच्या कोपऱ्यात एक चौकटींची पाटी आहे. पाच आडव्या ओळी, चार उभे रकाने, आणि एकेका ओळीतल्या चार चौकटींत ५, ३, २, १ अशी वर्तुळं. दाणे किंवा खडे ठेवून हिशेब करण्याची ही पाटी. ती नेमकी कशी वापरत यावर अभ्यासकांचे वेगवेगळे तर्क आहेत. पण ती दिसायची कशी हे समजण्यात या एका चित्राचा वाटा फार मोठा आहे.

आणखी एक चित्रमालिका वर्गात फार उपयोगी आहे. इंका जनगणनेत माणसांचे वयानुसार आणि ताकदीनुसार गट पाडत. पुरुषांचे दहा, बायकांचे दहा. ग्वामान पोमाने प्रत्येक गटाचं एक चित्र काढलंय. पाळण्यातलं तान्हं बाळ हा एक गट. रांगणारं मूल हा दुसरा. पाच ते नऊ वर्षांची खेळती मुलं आईबापांना मदत करतात, धाकट्यांना सांभाळतात. नऊ ते बारा वर्षांचे मुलगे फासे लावून पक्षी पकडतात आणि त्याच वयाच्या मुली रानातून फुलं वेचतात. त्या फुलांपासून लोकर रंगवायचा रंग होई. त्याहून मोठे मुलगे जनावरं राखतात. अपंग माणसांचाही वेगळा गट आहे आणि त्यांनाही झेपेल ते काम दिलंय. आपल्या वर्गातल्या मुलाला विचारा, 'तू त्या काळी असतास तर कुठल्या चित्रात असतास?' मुलं पाच मिनिटांत स्वतःला शोधून काढतात.

ग्रंथाच्या शेवटाकडे बारा महिन्यांच्या शेतीकामाची बारा चित्रं आहेत. ऑगस्टमध्ये नांगरट. नांगर म्हणजे पायाने दाबायचा टोकदार दांडा. पुरुष ओळीने तो जमिनीत रोवतात, समोर बसलेल्या बायका ढेकळं उलटतात. सप्टेंबरात मक्याची पेरणी. ऑक्टोबरात राखण. राखणदार डोक्यावर जनावराचं कातडं पांघरून, गोफण घेऊन पाखरं हाकलतोय. मे महिन्यात मक्याची काढणी, जूनमध्ये बटाट्याची. डिसेंबरात पुन्हा बटाट्याची लागवड. मुलांना महिने उलटे वाटतील, कारण पेरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. भूगोलाचा एक मुद्दा इथे आपोआप शिकवून होतो.

आणि बटाटा! आपल्या वड्यातला, उपासाच्या किसातला बटाटा मूळचा याच डोंगरातला. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायाने तुडवून पाणी काढून आणि उन्हात वाळवून तिथले लोक बटाटा वर्षानुवर्षं टिकवत. असा वाळवलेला बटाटा, मका, लोकर सरकारी कोठारांमध्ये साठवत. एका चित्रात इंका राजा अशा कोठारांसमोर उभा आहे आणि कोठाराचा कारभारी किपू दाखवून हिशेब देतोय. दुष्काळ पडला किंवा लढाई आली की ही कोठारं उघडत.

मग स्पॅनिश अमल आला

स्पॅनिश आल्यावरची चित्रं बघताना हसू आणि राग एकदमच येतो. एका चित्रात इंका जमिनीवर बसलाय आणि समोरच्या स्पॅनिश माणसाला विचारतोय की तुम्ही हे सोनं खाता की काय? स्पॅनिश माणूस म्हणतो, होय, खातो. सोन्याची हाव दाखवायला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

खरी भूक मात्र खाणींना होती. पोतोसीला १५४५ साली चांदी सापडली. चांदी शुद्ध करायला पारा लागतो, तो हुआंकावेलिकाच्या खाणीतून यायचा. इंकांच्या काळी मिता नावाची पद्धत होती. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याचं काम करायचं आणि राज्याने त्यांच्या खाण्यापिण्याची सोय करायची. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने हेच नाव घेऊन वेगळीच गोष्ट सुरू केली. ठरलेल्या प्रांतांतले साधारण एक सप्तमांश कर्ते पुरुष दरवर्षी पोतोसीच्या खाणीत पाठवायचे. गावं ओस पडू लागली. पाऱ्याने माणसं आजारी पडून मरत. ग्वामान पोमाने हे सगळं लिहिलं, वर उपायही सुचवले.

सगळ्यात गाजलेलं चित्र सहा जनावरांचं आहे. मध्ये एक गरीब माणूस गुडघे टेकून हात जोडतोय आणि भोवती सहा जनावरं त्याच्यावर चालून येताहेत. साप म्हणजे कोरेहिदोर, म्हणजे जिल्ह्याचा अंमलदार. वाघ म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळांत फुकट राहणारे स्पॅनिश. सिंह म्हणजे ज्याच्या नावे गावं लावून दिलीत तो जहागीरदार. कोल्हा म्हणजे गावचा पाद्री. मांजर म्हणजे सरकारी कारकून. आणि उंदीर म्हणजे गावचाच मुखिया!

हा उंदीर महत्त्वाचा आहे. वाईट फक्त परके आणि आपले सगळे चांगले, असं ग्वामान पोमाने दाखवलं नाही. जुलमाच्या साखळीत आपलाच माणूस शेवटची कडी कसा होतो हे त्याने ओळखलं होतं.

तसंच तो नाव घेऊनही लिहितो. मार्तीन दे मुरुआ हा धर्मोपदेशक स्वतः इंकांचा इतिहास लिहीत होता आणि त्याच्या ग्रंथासाठी ग्वामान पोमाने चित्रं काढून दिली होती. पुढे बिनसलं. मग आपल्या ग्रंथात त्याने मुरुआचं चित्र काढलं, ते मागावर विणत बसलेल्या बाईला मारतानाचं. बायकांना जबरदस्तीने विणायला बसवून ते कापड विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता.

शाळा आणि अक्षर

आपल्याला टोचेल असंही एक चित्र आहे. त्यात शाळेचा गुरुजी एका मुलाला फटके मारतोय आणि बाकीची मुलं पुस्तकं घेऊन बसली आहेत. ते बघून आपण जरा गप्प होतो.

पण म्हणून ग्वामान पोमा शाळेच्या विरुद्ध नव्हता, उलट शाळांचा त्याचा आग्रह होता. गावोगाव शाळा हव्यात, मुलग्यांना आणि मुलींना लिहिता-वाचता यायला हवं, असं तो राजाला सांगतो. कारणही देतो. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याला लुबाडणं अवघड जातं. म्हणूनच अंमलदारांना आणि पाद्र्यांना लिहिता येणारी स्थानिक माणसं नकोशी वाटतात, हे त्याने स्पष्ट नोंदवलंय. एका चित्रात गावपंचायतीचा स्थानिक लेखनिक हातात लेखणी घेऊन दस्तऐवज लिहिताना दिसतो. त्याच्या कल्पनेतला चांगला राज्यकारभार असा होता. अक्षर गावात असावं, गावच्या माणसाच्या हातात असावं.

ज्या माणसाला अक्षर वापरून न्याय मिळाला नाही, उलट फटक्यांची शिक्षा झाली, तोच माणूस मुलांना अक्षर शिकवा म्हणतो. आपण रोज फळ्यावर काय करतो याची किंमत मला या एका गोष्टीवरून कळते.

त्याचं सगळंच खरं मानायचं का?

नाही. आणि हेच मुलांना शिकवायचं आहे. ग्वामान पोमा सत्य सांगणारा आहे म्हणून आवडून घ्यायचा आणि मग त्याचं प्रत्येक वाक्य खरं धरायचं, असं केलं तर साधन वाचायला आपण शिकलोच नाही.

एक साधं उदाहरण. त्याच्या चित्रात अताहुआल्पाचं डोकं कापताना दाखवलंय. प्रत्यक्षात त्याला गळा आवळून मारण्यात आलं होतं. मग हे चित्र कुठून आलं? चाळीसेक वर्षांनी, १५७२ साली, शेवटचा इंका तुपाक अमारू याचा कुस्कोमध्ये शिरच्छेद झाला. त्याचंही चित्र ग्रंथात आहे आणि दोन्ही चित्रं एकमेकांसारखी दिसतात. लोकांच्या आठवणीत दोन मृत्यू मिसळून गेले होते. घटना म्हणून ते चित्र चुकीचं आहे, पण लोकांच्या मनात काय राहिलं होतं याचा तो पक्का पुरावा आहे.

दुसरं, त्याने अँडीजच्या लोकांचा वंश बायबलमधल्या नोआपर्यंत नेऊन भिडवलाय. येशूचा एक शिष्य स्पॅनिशांच्या खूप आधीच इथे येऊन गेला, असंही तो सांगतो. असं का? कारण आम्ही आधीपासूनच ख्रिस्ती होतो असं ठरलं, तर धर्मासाठी आम्हाला जिंकलं हा स्पॅनिशांचा दावा टिकत नाही. हा त्याचा वकिली मुद्दा होता.

तिसरं, त्याला आपल्या घराण्याचं मोठेपण हवं होतं. राजाने जगाचे चार भाग करावेत आणि इथल्या भागावर माझ्या मुलाला राजपुत्र नेमावं, असं तो सुचवतो. स्पॅनिश, आफ्रिकन आणि मिश्र वंशाच्या लोकांनी स्थानिकांच्या गावात राहूच नये, हे त्याचं ठाम मत होतं. मिश्र वंशाच्या लोकांबद्दल तो फार कडवट लिहितो. आणि इंकांचा काळ त्याने पुष्कळ उजळ दाखवलाय, पण त्या काळची साप आणि हिंस्र जनावरं सोडलेली कोठडी किंवा दगडांनी मारण्याची शिक्षा हेही त्याच्याच चित्रांत आहे.

म्हणून कुठलंही पान वाचताना तीन प्रश्न विचारायचे. हे त्याने स्वतः पाहिलं, की कोणाकडून ऐकलं? हे तो कोणाला सांगतोय? आणि सांगून त्याला काय मिळवायचं आहे? हे तीन प्रश्न मुलांना आले तर बखर असो, वर्तमानपत्र असो किंवा मोबाइलवर फिरणारा निरोप, ती कुठेही वापरतील.

राजाने वाचलं का?

ग्रंथात एक चित्र आहे. राजा सिंहासनावर बसलाय, ग्वामान पोमा समोर गुडघ्यावर बसून त्याला हा ग्रंथ दाखवतोय. त्याच्या पुढे प्रश्नोत्तरं आहेत. राजा विचारतो आणि लेखक उत्तर देतो. लोकसंख्या का घटतेय, ती कशी वाढेल, लोक सुखी कसे होतील, सगळं. वाचताना वाटतं की ही भेट झालीच असेल. पण तो स्पेनला कधी गेलाच नाही. ही भेट त्याने मनातच घडवून आणली. प्रत्यक्षात म्हाताऱ्या ग्वामान पोमाने मुलाला बरोबर घेऊन डोंगरातून लिमा शहराकडे पायपीट केली, त्या प्रवासाचंही चित्र त्याने काढून ठेवलंय.

त्याने मागितलेल्या सुधारणा झाल्या नाहीत. पोतोसीची मिता पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चालली आणि १८१२ साली कायद्याने रद्द झाली.

ग्रंथ मात्र वाचला. तो डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात जाऊन पडला होता. १९०८ साली रिचर्ड पीटशमान या जर्मन अभ्यासकाच्या तो नजरेला आला. १९३६ मध्ये पॉल रिव्हे यांनी पॅरिसहून त्याची छायाप्रत छापली. २००१ मध्ये ग्रंथालयाने सगळी पानं इंटरनेटवर खुली केली आणि २००७ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली. म्हणजे आज आपल्या शाळेतल्या मुलाला मोबाइलवर किपूवाल्याचं मूळ चित्र बघता येतं.

वर्गात काय करता येईल?

- चित्रवाचन : चास्की, किपूवाला किंवा कोठाराचं चित्र दाखवा. आधी 'काय दिसतं?' एवढंच विचारा. अर्थ नंतर. मुलं शंख, गाठी, चौकटीची पाटी स्वतः शोधतात.
- दोरीचा किपू : सुतळीच्या तीन-चार दोऱ्या घ्या. खालच्या टोकाला एकक, वर दशक, त्यावर शतक अशा गाठी मारून वर्गाची हजेरी नोंदवा. स्थानिक किंमत हाताला कळते. शून्य म्हणजे तिथे गाठच नाही, हे मुलांना फार आवडतं.
- बारा महिने, बारा चित्रं : घरातल्या आजी-आजोबांना विचारून आपल्या गावच्या शेतीकामाचं किंवा घरकामाचं एकेका महिन्याचं चित्र काढायला सांगा. शहरातली मुलं पापड-कुरडया, पाण्याची टंचाई, गणपतीची तयारी असं काढतात. खाली 'कोणी सांगितलं?' हे लिहायला लावा. तेच मौखिक साधन.
- राजाला पत्र : मोठ्या वर्गांसाठी. शाळेतली किंवा गावातली एक अडचण, तिचं एक चित्र आणि एक उपाय. नुसती तक्रार चालणार नाही, उपाय हवाच. पत्र खरंच ग्रामपंचायतीला किंवा नगरसेवकांना द्या.

पालकांना एक सूचना. सगळी चित्रं लहान मुलांसाठी नाहीत. मारहाण आणि फाशीची चित्रंही त्यात आहेत. आधी आपण बघा, मग निवडून दाखवा.

माझ्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं होतं, 'राजाने वाचलंच नाही तर मग त्याने कोणासाठी लिहिलं?' मी उत्तर द्यायच्या आधीच मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, 'आपण वाचतोय की!'